माती, ऊन आणि रंगीत पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयातले प्रकल्प तपासताना आणि कापड रंगवणाऱ्या प्रोसेसवाल्यांशी बोलताना गेली काही वर्षं तेच ते प्रश्न पुढे येतात. ते इथे एकत्र लिहिले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण प्रश्नच तसे आहेत.

माती आणि प्रकाश वापरून पाणी शुद्ध करतात, म्हणजे नेमकं काय करतात?

चिकणमातीच्या बारीक भुकटीवर एखादा प्रकाश-उत्प्रेरक बसवतात. बहुतेक वेळा तो टायटॅनियम डायऑक्साइड असतो, कधी लोहाचं ऑक्साइड, कधी झिंक ऑक्साइड. ही भुकटी घाण पाण्यात ढवळत ठेवायची आणि तिच्यावर ऊन किंवा अतिनील दिव्याचा प्रकाश पाडायचा. पाण्यातले रंग, कीटकनाशकं, औषधांचे अंश मातीला चिकटतात. प्रकाश पडला की उत्प्रेरकावर अतिशय आक्रमक असे मूलक, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन उरलेले क्षणजीवी कण, तयार होतात आणि ते या रेणूंचे तुकडे करत जातात. सगळं जमून आलं तर शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडे क्षार उरतात. या पानावरचे निम्मे प्रश्न ‘सगळं जमून आलं तर’ या चार शब्दांभोवतीच फिरतात.

म्हणजे प्रदूषक मोडतं कोण, माती की ऊन?

माती धरून ठेवते. मोडण्याचं काम उत्प्रेरक करतो आणि त्याला लागणारी शक्ती प्रकाशातून येते. नुसत्या केओलिन या पांढऱ्या चिकणमातीची भुकटी पाण्यात टाकून भर दुपारी गच्चीवर ठेवली, तर मोडतोड जवळपास शून्य होईल. मातीत लोह असेल तर थोडीफार होते. धरणं आणि मोडणं ही दोन कामं वेगळी आहेत आणि ती वेगळी मोजायला हवीत. यात गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं.

भिंतीच्या रंगात असतं तेच हे टायटॅनियम डायऑक्साइड का?

संयुग तेच, पण स्फटिक वेगळा. रंगात रूटाइल प्रकारचं वापरतात आणि त्याच्या कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचा लेप देतात. हेतू हा की त्याने उन्हात उत्प्रेरकाचं काम करूच नये. जुन्या रंगवलेल्या भिंतीवर हात फिरवला की तळव्याला पांढरी पूड लागते ना, त्यामागे बऱ्याचदा हीच प्रक्रिया असते: उन्हात टायटॅनियम डायऑक्साइड आपल्याभोवतीचा राळेचा थर खात गेलेलं असतं. रंग बनवणाऱ्याला जी डोकेदुखी, तीच आपल्याला हवी आहे.

पाण्यासाठी ॲनाटेज प्रकार जास्त चालतो. त्यातल्या इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात उडी मारायला ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश. इलेक्ट्रॉन उडाला की मागे एक रिकामी धन जागा राहते. ती जागा पाण्याच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतो. म्हणून टाकीत हवा सोडावी लागते. ऑक्सिजन नसेल तर इलेक्ट्रॉन परत आपल्याच जागी येऊन बसतो आणि सगळा खटाटोप वाया जातो.

जपानमध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन केलं, तो निबंध १९७२ चा. १९७६ मध्ये कॅनडात कॅरी आणि सहकाऱ्यांनी याच द्रव्याने पाण्यातल्या पीसीबी या चिवट क्लोरीनयुक्त संयुगांमधला क्लोरीन सुटतो हे दाखवलं. तिथून पाण्याच्या शुद्धीकरणाचा फाटा सुरू झाला.

टायटॅनियम डायऑक्साइड एकटं काम करत असेल तर माती कशाला?

तीन कारणांसाठी.

पहिलं, अंतर. हायड्रॉक्सिल मूलक जन्मल्यापासून काही नॅनोसेकंदांतच संपतो. तेवढ्या वेळात तो फार तर काही नॅनोमीटर सरकतो. पाण्यात लिटरमागे काही मायक्रोग्रॅमच औषध असेल, तर ते नेमकं मूलकाच्या शेजारी असण्याची शक्यता किती? माती त्या रेणूंना ओढून उत्प्रेरकाच्या दारात आणून बसवते.

दुसरं, गाळणं. बाजारात मिळणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या प्रसिद्ध पी-२५ भुकटीचे मूळ कण वीस-बावीस नॅनोमीटरचे असतात. पाणी शुद्ध झालं तरी ते ताकासारखं पांढरं दिसत राहतं आणि साध्या गाळण कागदातून भुकटी निसटते. हेच कण मातीच्या मोठ्या पापुद्र्यांवर बसवले तर तळाशी बसतात.

तिसरं, गुठळ्या. मोकळे नॅनोकण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि आतल्या कणांपर्यंत उजेड पोचत नाही. मातीवर ते पसरून बसतात.

किंमत हे चौथं कारण बहुतेक निबंधांच्या पहिल्या परिच्छेदात असतं. माती स्वस्त आहे हे खरंच, पण तिच्यावर टायटॅनियम बसवायला लागणारं रसायन आणि भट्टी स्वस्त नाही. तो हिशेब त्या परिच्छेदात सहसा नसतो.

कोणतीही माती चालते का? काळी माती, मुलतानी, शाडू?

‘माती’ हा आपला शब्द फार ऐसपैस आहे. इथे उपयोगाचं आहे ते चिकणमातीतलं खनिज, आणि त्यात मुख्य दोन घराणी.

एक मॉन्टमोरिलोनाइट, फ्रान्समधल्या मॉन्टमोरिलॉन गावावरून नाव पडलेलं. बेंटोनाइट नावाने जी माती विकली जाते तिच्यात मुख्यत्वे हेच असतं. भारतात ती कच्छ आणि राजस्थानातल्या बाडमेरमधून येते. याचे पापुद्रे जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे. त्यांच्यावर ऋण भार असतो आणि तो फेडायला मधल्या फटीत सोडियम किंवा कॅल्शियम बसलेलं असतं. ते हलवून त्या जागी दुसरा धन आयन बसवता येतो. शंभर ग्रॅम मातीमागे ही अदलाबदलीची क्षमता साधारण ८० ते १२० मिलिसममूल्य (आयनांवरचा भार मोजायचं एकक). सगळे पापुद्रे उलगडले तर एका ग्रॅमचं पृष्ठफळ साडेसातशे चौरस मीटरच्या आसपास जातं. आपल्या कपाशीच्या काळ्या जमिनीत याच घराण्यातली, म्हणजे स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर असतात. पावसात ती जमीन फुगते आणि उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, ते या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरण्या-निघण्यामुळेच.

दुसरं केओलिनाइट, चीनमधल्या गाओलिंग या ठिकाणावरून. हे फुगत नाही, अदलाबदलीची क्षमता फार कमी, पृष्ठफळही ग्रॅममागे दहा-वीस चौरस मीटर. पण पांढरं, स्वच्छ आणि पटकन तळाशी बसणारं. कोकणातल्या जांभ्यात केओलिनाइट असतं आणि जोडीला लोहाची ऑक्साइडं. त्यामुळे जांभ्याची भुकटी फोटो-फेंटन प्रकारच्या प्रयोगांना सोयीची. त्याबद्दल खाली येईल.

मुलतानी माती तेल आणि रंग शोषते म्हणूनच खाद्यतेलाच्या कारखान्यात आणि चेहऱ्यावर दोन्हीकडे पोचली. शोषायला चांगली आहे. शेतातली काळी माती मात्र थेट वापरू नका. तिच्यात सेंद्रिय कर्ब असतो, तो मूलक खाऊन टाकतो, आणि तिचा गडद रंग प्रकाश अडवतो. शाडूबद्दल दर गणेशोत्सवात कुणीतरी विचारतंच. शाडूतली खनिजं खाणीगणिक बदलतात, त्यामुळे आधी खनिज ओळखणारी क्ष-किरण विवर्तनाची चाचणी, मग प्रयोग.

आणखी एक गंमत. सोडियम बेंटोनाइट पाण्यात इतकं फुगतं की ते स्वतःच तळाशी बसायला तयार होत नाही. माती घेतली गाळण सोपं व्हावं म्हणून आणि तीच तरंगत राहिली! उपाय असा की पापुद्र्यांच्या मध्ये धातूच्या ऑक्साइडचे सूक्ष्म खांब उभे करतात आणि ४०० ते ५०० अंशांवर भाजतात. मग फटी कायम उघड्या राहतात आणि फुगणं थांबतं.

रंग गेला म्हणजे काम झालं ना?

या प्रश्नाने माझे स्वतःचे दोन महिने खाल्ले आहेत.

सुरुवातीच्या दिवसांत मी बेंटोनाइटवर टायटॅनियम बसवलं, लिटरमागे १० मिलिग्रॅम मेथिलिन ब्लू घातलं आणि उन्हात ठेवलं. वीस मिनिटांत पाणी काचेसारखं झालं. आलेख काढला, मार्गदर्शकांना दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, “अंधारातली बाटली कुठाय?” ती भरलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी कपाटात ठेवून पाहिली. तिथेही वीस मिनिटांत पाणी काचेसारखं आणि तळाशी निळीशार माती.

हिशेब साधा आहे. मेथिलिन ब्लूचा आयन धन भाराचा आणि मॉन्टमोरिलोनाइट ऋण भाराचं. अदलाबदलीची क्षमता शंभर ग्रॅमला १०० मिलिसममूल्य धरली तर एक ग्रॅम माती साधारण ३०० मिलिग्रॅम रंग गिळू शकते. मी एक ग्रॅम माती घातली होती १० मिलिग्रॅम रंगासाठी! प्रकाशाला करायला काही उरलंच नव्हतं. कोल्हापूरच्या फौंड्रीत साच्याच्या वाळूत कामाचं बेंटोनाइट किती शिल्लक आहे हे बघायला मेथिलिन ब्लूचीच चाचणी करतात. ती माती रंग किती पितेय हे मोजतात. तिथल्या प्रयोगशाळेतल्या कुठल्याही अनुभवी माणसाने मला दोन मिनिटांत सांगितलं असतं की बाबा रे, तुझा प्रयोग म्हणजे आमची रोजची चाचणी आहे.

रंग नाहीसा होण्याची आणखीही कारणं असतात. मेथिलिन ब्लूला इलेक्ट्रॉन मिळाले की ते रंगहीन रूपात जातं आणि हवा लागली की परत निळं होतं. ॲझो रंगांमधला नायट्रोजनांचा दुवा तुटला की डोळ्याला दिसणारा रंग संपतो, पण सुगंधी अमाईन मागे राहू शकतात आणि त्यातले काही मूळ रंगापेक्षा घातक असतात. शिवाय रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन उत्प्रेरकाला देतो. त्यामुळे ‘आमचा उत्प्रेरक दृश्य प्रकाशात चालतो’ हा दावा फक्त रंगाच्या प्रयोगावर टिकत नाही.

मग प्रयोग नीट कसा करायचा?

चार बाटल्या लागतात. माती आणि प्रकाश, माती आणि अंधार, नुसता प्रकाश, आणि चौथीत उत्प्रेरक न बसवलेली नुसती माती प्रकाशात. दिवा लावण्याआधी अर्धा ते एक तास अंधारात ढवळत ठेवा, म्हणजे शोषण आपल्या पातळीला येऊन थांबेल. घड्याळ त्यानंतर सुरू करायचं. शेवटी माती वेगळी काढून अल्कोहोलने किंवा मिठाच्या द्रावणाने धुवा आणि किती रंग परत निघतो ते मोजा. जो निघाला तो मोडला नव्हता.

नुसत्या वर्णपटावर थांबू नका. एकूण सेंद्रिय कार्बन मोजायची सोय असेल तर उत्तम, नसेल तर सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते माप. हायड्रोजन पेरॉक्साइड वापरलं असेल तर उरलेलं पेरॉक्साइड सीओडीचा आकडा फुगवतं, ते आधी नष्ट करायला विसरू नका.

काय मोडतं आणि काय मोडत नाही?

बहुतेक सेंद्रिय रेणू मोडतात: रंग, फिनॉल, बरीच कीटकनाशकं, प्रतिजैविकं, वेदनाशामकं. हैदराबादजवळच्या पटनचेरू इथे औषध कारखान्यांचं पाणी शुद्ध होऊन बाहेर पडतं त्या ठिकाणी सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. जिवाणूंवर चालणाऱ्या शुद्धीकरणाला जिवाणू मारणारं औषध पचवणं अवघड जातं. अशा ठिकाणी प्रकाश-उत्प्रेरणाला खरं काम आहे.

पण अपवाद लक्षात ठेवण्यासारखे आहेत. मका आणि उसात फवारतात ते ॲट्राझीन हे तणनाशक घ्या. त्याच्या बाजूच्या साखळ्या भराभर तुटतात, पण शेवटी सायन्यूरिक आम्ल उरतं आणि त्याचं कडं टायटॅनियम डायऑक्साइडला दाद देत नाही. ॲट्राझीन शंभर टक्के गेलं असं लिहिता येतं, पूर्ण खनिजीकरण, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि क्षारांपर्यंत मोडणं, झालं असं लिहिता येत नाही. पीएफओएस, पीएफओए या फ्लोरिनयुक्त संयुगांपुढे तर हायड्रॉक्सिल मूलक जवळपास हतबल असतो.

धातूंचं काय? मूलद्रव्य मोडत नसतं. विषारी षट्संयुजी क्रोमियमचं कमी विषारी त्रिसंयुजी क्रोमियम करता येतं. आर्सेनिकचं रूप बदलून ते मातीला सहज चिकटेल असं करता येतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागातल्या विहिरी-बोअरमधल्या फ्लोराइडवर मात्र या पद्धतीचा काडीचा उपयोग नाही. नायट्रेटचंही व्यवहारात तेच.

इचलकरंजीसारख्या ठिकाणच्या रंगाच्या सांडपाण्यावर हे चालेल का?

प्रयोगशाळेतलं रंगीत पाणी म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्यात एक रंग. प्रोसेसमधलं पाणी म्हणजे अनेक रंग, खळ, साबण, सोडा आणि भरमसाट मीठ. रिॲक्टिव्ह रंग सुताला लागावा म्हणून रंगाच्या बाथमध्ये लिटरमागे ५० ते ८० ग्रॅम मीठ घालण्याची पद्धत आहे. क्लोराइड आणि बायकार्बोनेट दोघंही मूलक पिऊन टाकतात. त्यात पाणी अल्कधर्मी, आणि रिॲक्टिव्ह रंग ऋण भाराचे. ऋण भाराची माती त्यांना धरणार कशी? ढकलूनच देते. मातीचा जो मुख्य फायदा सांगितला, तो इथे पहिल्याच पायरीवर जातो.

दुसरी अडचण उजेडाची. गडद पाणी स्वतःच्याच रंगाने स्वतःवर सावली पाडतं. वरचा सेंटीमीटरभर थर सोडला तर खाली अंधारच.

आता जागेचा हिशेब करू. रोज १० लाख लिटर पाणी आहे आणि त्याला दिवसभराचं ऊन लागतंय असं धरू. पाण्याची खोली ५ सेंटीमीटर ठेवली तर २०,००० चौरस मीटर जागा हवी, म्हणजे दोन हेक्टर, जवळपास पाच एकर. औद्योगिक वसाहतीत पाच एकर मोकळी जागा कोण देणार? आणि जून ते सप्टेंबर काय करायचं?

त्यामुळे कच्च्या सांडपाण्यावर ही पद्धत लावण्याच्या फंदात पडू नये. आधी गाळ बसवणं, मग जैविक शुद्धीकरण, आणि त्यातूनही जो चिवट अंश उरतो त्याच्यावर शेवटचा हात म्हणून प्रकाश-उत्प्रेरण. पाणी तोवर नितळ झालेलं असतं आणि प्रदूषकही थोडं असतं. पंचगंगेचा प्रश्न असल्या एखाद्या भुकटीने सुटेल असं कुणी सांगत असेल, तर त्याला आधी पाणी नदीत सोडणाऱ्या पाइपाजवळ नेऊन उभं करा.

ऊन नको, दिवे लावले तर?

लावता येतात, पण बिल बघा. प्रदूषकाचं प्रमाण दहा पटीने उतरवायला दर घनमीटर पाण्यामागे किती वीज लागते, या मापाने पद्धतींची तुलना करतात. २०१८ च्या एका मोठ्या आढाव्यात ओझोन आणि अतिनील-पेरॉक्साइड या पद्धती साधारण एक युनिटच्या आत बसल्या, फोटो-फेंटन एक ते शंभरमध्ये, आणि अतिनील दिव्यावरचं टायटॅनियम डायऑक्साइड शंभराच्या वर. आठ रुपये दर धरला तर हजार लिटरमागे आठशे रुपयांच्या पुढे. टँकर परवडेल.

उन्हाकडे वळण्याचं खरं कारण हे आहे. तिथेही गोम अशी की उन्हातला अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के. म्हणून दृश्य प्रकाशावर चालणारे उत्प्रेरक शोधण्यात इतकी माणसं गुंतली आहेत.

फोटो-फेंटन म्हणजे काय, आणि त्यात मातीचा काय संबंध?

लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये टार्टारिक आम्लावर या जोडीचा परिणाम नोंदवला. वर प्रकाश असेल तर वापरलं गेलेलं लोह पुन्हा ताजं होतं आणि चक्र चालू राहतं. दृश्य प्रकाशाचाही काही भाग इथे कामी येतो, हा मोठा फायदा.

दोष असा की नेहमीच्या पद्धतीत पाण्याचा सामू तीनच्या आसपास आणावा लागतो आणि शेवटी चुना घातला की लोहाचा तांबूस गाळ ढीगभर साचतो. लोह मातीच्या पापुद्र्यांत अडकवलं तर हा गाळ खूप कमी होतो आणि सामूची अटही थोडी सैल होते. वेग मात्र कमी पडतो. माझं मत विचाराल तर आपल्याकडे टायटॅनियमपेक्षा या वाटेवर जास्त काम व्हायला हवं. लोह स्वस्त आहे, जांभा पायाखाली आहे आणि उन्हातला जास्त हिस्सा वापरला जातो. फक्त लोह पाण्यात किती सुटतंय ते दर खेपेला मोजावं. बऱ्याचदा सुटलेलं लोहच सगळं काम करत असतं आणि श्रेय मातीला जातं.

माती किती वेळा वापरता येते? नंतर तिचं काय करायचं?

निबंधांत पाच खेपांचा तक्ता नेहमी दिसतो. खऱ्या सांडपाण्यात पृष्ठभाग लवकर बुजतो, कारण अर्धवट मोडलेले रेणू आणि क्षार साचत जातात. धुऊन, पुन्हा भाजून काही क्षमता परत येते. अखेर टाकायची वेळ येते तेव्हा रंग किंवा धातू शोषलेली ती माती घातक कचऱ्यात मोडू शकते. ती शेतात किंवा विटांमध्ये मिसळा असा सल्ला कुणी देत असेल तर आधी पाण्यात काय झिरपतं याची चाचणी मागा.

घरच्या पिण्याच्या पाण्यासाठी वापरू का?

नको. गढूळ पाणी निवळायला तुरटी आहे, निवळीच्या बिया होत्या. जंतूंसाठी उकळणं आहे. काहीच सोय नसेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्यांत नितळ पाणी भरून सहा तास कडक उन्हात ठेवणं, ढगाळ हवा असेल तर सलग दोन दिवस, ही जंतूंसाठी जगभर वापरली जाणारी पद्धत आहे. त्यात उत्प्रेरक लागत नाही आणि तिने रसायनं जात नाहीत.

ही भुकटी हाताळायला सुरक्षित आहे का?

ओली असेपर्यंत फारशी चिंता नाही. कोरडी धूळ नाकात जाऊ देऊ नका. श्वासावाटे जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘२ ब’ गटात, म्हणजे कर्करोगाची शक्यता असलेल्या द्रव्यांत ठेवलं आहे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये खाद्यपदार्थांत ते घालायला बंदी केली. मातीच्या धुळीत स्फटिक सिलिका असू शकते, ती वेगळीच काळजी. मास्क लावा.

प्रकल्पासाठी मेथिलिन ब्लूच घेऊ का? सगळे तेच घेतात.

सगळे घेतात कारण डोळ्याला दिसतं आणि स्वस्त मिळतं. मातीबरोबर काम करताना मात्र त्याच्याइतकी फसवी निवड नाही. ऋण भाराचा मेथिल ऑरेंज घेऊन पाहा, म्हणजे शोषण आपोआप कमी होईल. त्याहून बरं म्हणजे रंग नसलेला रेणू. पॅरासिटामॉल चालतं: औषधाच्या दुकानात मिळतं, २४३ नॅनोमीटरला शोषतं आणि मातीला फारसं चिकटत नाही. गोळीतला स्टार्च आणि इतर पूड आधी गाळून काढा. आणि पाणी घ्यायचं ते दोन्ही: एकदा ऊर्ध्वपातित, एकदा महाविद्यालयाच्या बोअरचं. दुसऱ्या पाण्यात वेग किती पडला तो आकडा अहवालात पहिल्या पानावर घाला, परीक्षक नेमकं तेच विचारतील.